नोंद संस्थेची, मग फाइल कोणाच्या खात्यात?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाचनालये, शिष्यवृत्ती देणारे न्यास, गृहनिर्माण संस्था, स्थानिक इतिहासाची मंडळे अशा लहान संस्थांनी आपल्या नोंदवह्या ऑनलाइन नेल्याच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर अधूनमधून वाचायला मिळतात, आणि त्यांचे होणारे कौतुक रास्तच असते. पूर्वी अशा कामासाठी प्रोग्रामर गाठावा लागे. आता एअरटेबल, झोहो क्रिएटर किंवा गुगलचे ॲपशीट यांसारखी साधने हाताशी असल्यामुळे एखादा हौशी सभासद सुट्टीच्या दिवशी बसून ग्रंथसूची किंवा अर्जदारांची यादी उभी करतो आणि ती चांगली चालतेही. मात्र या साधनांत राहते ती फक्त नोंद. तिच्यासोबतची स्कॅन केलेली पाने, छायाचित्रे, पावत्या, अर्जांची कागदपत्रे बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या साठ्यात, म्हणजे गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह अशा ठिकाणी असतात. या दोहोंची जोडणी कोणत्या पद्धतीने, कोणाच्या नावाने आणि किती अधिकार देऊन केली आहे, याची विचारपूस कार्यकारिणीच्या बैठकीत झालेली मी क्वचितच ऐकली आहे. लहान संस्थांच्या नोंदींचे संगणकीकरण करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या जोडणीबद्दल चार गोष्टी मांडण्याची परवानगी घेतो.

फाइली बाहेर ठेवाव्या लागतात त्या आकारामुळे. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष, दाखल क्रमांक एवढ्या माहितीला हजारभर बाइट पुरतात. याउलट ए-फोर आकाराचे एक पान ४०० डीपीआयने (दर इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन करून, आकार न दाबता, टिफ स्वरूपात ठेवले तर ते सुमारे ४६ एमबी होते. म्हणजे चाळीस-पन्नास हजार नोंदींना लागणारी जागा एकटे एक पान अडवते. एअरटेबलच्या मोफत योजनेत एका बेसमधील (म्हणजे एका नोंदसंचातील) जोडपत्रांना, म्हणजे नोंदींना जोडलेल्या फाइलींना, सध्या १ जीबी जागा मिळते, तीत अशी वीस-बावीस पाने बसतील. गुगलच्या वैयक्तिक खात्याची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींत मिळून असते. ती संपूर्ण रिकामी धरली तरी साडेतीनशेच्या आतच पाने मावतात, आणि एखाद्या जुन्या मासिकाच्या एका वर्षाचे अंक त्यात आटोपत नाहीत. रोजच्या वाचनासाठी जेपीईजी किंवा पीडीएफ करून आकार पुष्कळ खाली आणता येतो हे खरे, परंतु जतनासाठी केलेली मूळ प्रत कोठेतरी ठेवावीच लागते. तेव्हा नोंद एकीकडे आणि फाइल दुसरीकडे ही व्यवस्था योग्यच आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

गोंधळ सुरू होतो तो 'जोडले' या शब्दाखाली दोन-तीन अगदी निराळ्या गोष्टी एकच समजल्या जातात तेथून. एअरटेबलमध्ये नोंदीच्या आतूनच ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स उघडून फाइल निवडण्याची सोय आहे. वापरणाऱ्याला वाटते की आपण ड्राइव्हमधील फाइल नोंदीला जोडली. वास्तविक त्या क्षणी त्या फाइलची एक प्रत एअरटेबलच्या साठ्यात जाते आणि मूळ फाइलशी तिचा संबंध तेथेच संपतो. पुढे ड्राइव्हमधील फाइल दुरुस्त केली तरी नोंदीत जुनीच प्रत दिसत राहते, आणि जागा दोन्हीकडे अडते. पावतीसारखा पुन्हा न बदलणारा कागद असेल तर यात बिघडत नाही. दर महिन्याला सुधारले जाणारे सूचीपत्र असेल तर मात्र सभासद महिनोन्महिने शिळी माहिती वाचत बसतात.

दुसरी आणि आपल्याकडे सर्वांत जास्त रूढ असलेली पद्धत म्हणजे ड्राइव्हमधून लिंक काढून ती नोंदीच्या रकान्यात चिकटवणे. ही पद्धत कोणालाही पाच मिनिटांत शिकवता येते, हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. लिंक ही दुसऱ्याच्या धोरणावर जगणारी वस्तू आहे. २०१७ साली ड्रॉपबॉक्सने आपल्या 'पब्लिक' फोल्डरची सोय काढून घेतली, मोफत खात्यांसाठी मार्चमध्ये आणि पैसे भरणाऱ्यांसाठी सप्टेंबरमध्ये, आणि त्या फोल्डरातून ठिकठिकाणच्या पानांवर लावलेली चित्रे दिसेनाशी झाली. सप्टेंबर २०२१मध्ये गुगलने सुरक्षेसाठी ड्राइव्हमधील काही फाइलींच्या लिंकमध्ये 'रिसोर्स की' नावाचा जादा तुकडा आवश्यक केला. ज्यांनी ती फाइल पूर्वी उघडली नव्हती त्यांच्यापुढे जुन्या लिंकवर परवानगी मागण्याचा पडदा येऊ लागला. नोव्हेंबर २०२२मध्ये एअरटेबलने जोडपत्रांच्या बाहेर काढलेल्या लिंक काही तासांत बाद होतील अशी व्यवस्था केली, त्यामुळे एअरटेबललाच चित्रांचे कोठार मानून ज्यांनी आपली संकेतस्थळे सजवली होती त्यांच्या पानांवरची चित्रे दिसेनाशी झाली. २०२४च्या सुरुवातीला ड्राइव्हवरील चित्र थेट दुसऱ्या पानात दाखवण्याची, अनेकांच्या अंगवळणी पडलेली युक्ती चालेनाशी झाली. या कंपन्यांना मी दोष देत नाही. फाइल चार माणसांना दाखवण्यासाठी दिलेली सोय आपण संग्रहाचा कायमचा पत्ता म्हणून वापरली, आणि त्यांनी त्या सोयीत बदल केला तेव्हा आपले पत्ते खोटे ठरले, एवढाच याचा अर्थ.

लिंक मरते तेव्हा गैरसोय होते. ती जगते तेव्हा काय होते, हे अधिक गंभीर आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्या न्यासाचे उदाहरण घेऊ, कारण असे न्यास आपल्या राज्यात गावोगाव आहेत आणि बहुतेकांचे अर्ज आता गुगल फॉर्मवरून येतात. फॉर्ममध्ये फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला की विद्यार्थ्याने दिलेली गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड हे सारे फॉर्म तयार करणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये एका फोल्डरात जमा होते, आणि तक्त्यात प्रत्येक अर्जासमोर त्या फाइलची लिंक उमटते. येथपर्यंत फाइल खासगी असते. निवड समितीचे सदस्य आपापल्या घरी बसून तक्ता उघडतात, लिंक दाबतात आणि 'तुम्हाला परवानगी हवी आहे' असा पडदा पाहून सचिवांना फोन करतात. सचिव कंटाळून संपूर्ण फोल्डरच 'लिंक असलेले कोणीही' या पर्यायावर टाकतात. काम सुरळीत होते, शिष्यवृत्त्या वाटल्या जातात, समारंभाचे छायाचित्र छापून येते, आणि तो फोल्डर तसाच उघडा राहतो. त्याची लिंक एव्हाना समितीच्या व्हॉट्सॲप गटात जाऊन पुढे कोणाकोणाकडे गेली, हे सांगता येत नाही. लिंक हाती असलेल्याला कोणी नाव विचारत नाही, आणि मुदतही त्या लिंकला नसते.

या संदर्भात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा केंद्रीय कायदा विश्वस्तांनी निदान एकदा वाचावा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. जमवलेल्या माहितीचे वाजवी सुरक्षा उपायांनी रक्षण करणे हे जमवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते न पाळल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. गावच्या न्यासाला एवढा दंड होईल असे म्हणून कोणाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. महत्त्वाचे हे की, माहिती दुसऱ्या कंपनीच्या साठ्यात आहे म्हणून जबाबदारी त्या कंपनीकडे जात नाही. ती संस्थेकडेच राहते. तसेच ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसण्याचेही बंधन त्यात आहे. येथे जोडणीतील एक खोच आड येते. तक्त्यातली रांग पुसली म्हणून ड्राइव्हमधील फाइल पुसली जात नाही. ॲपशीटमध्ये नोंद काढून टाकली तरी तिचे छायाचित्र फोल्डरात तसेच पडून असते. म्हणजे 'आम्ही मागच्या वर्षीची यादी काढून टाकली' असे विश्वस्त मंडळ प्रामाणिकपणे सांगत असते, आणि त्या यादीतील मुलांची आधार कार्डे मात्र बेवारस अवस्थेत शिल्लक असतात. मुळात आधारची पूर्ण प्रत मागण्याची गरज कितपत असते हाही प्रश्न आहेच. फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे झाकलेले आधार युआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते, आणि बहुतेक न्यासांचे काम त्यावर भागण्यासारखे आहे.

तिसरी पद्धत अशी की, रकान्यात लिंक न लिहिता फाइलची ओळख तेवढी लिहायची, आणि प्रत्यक्ष फाइल आणून दाखवण्याचे काम नोंदींच्या साधनाने परवानगी तपासून करायचे. ॲपशीट चित्रांच्या बाबतीत हेच करते. छायाचित्र काढले की ते ठरलेल्या फोल्डरात जाते आणि तक्त्यात केवळ फोल्डरचे नाव व फाइलचे नाव एवढा मार्ग लिहिला जातो. ड्राइव्हऐवजी ड्रॉपबॉक्स, बॉक्स किंवा वनड्राइव्ह जोडण्याची मुभाही तेथे आहे. याचा तोटा असा की एखाद्या उत्साही सभासदाने 'फोल्डर नीट लावतो' म्हणून नाव बदलले किंवा जागा हलवली की सगळी चित्रे एकदम गायब होतात. ड्राइव्हच्या स्वतःच्या लिंकमध्ये मात्र फाइलचा एक कायम क्रमांक असतो, नाव बदला, फोल्डर बदला, तो तसाच राहतो. एवढ्यावरून क्रमांकाची पद्धत चांगली आणि मार्गाची वाईट असा निष्कर्ष पुष्कळजण काढतात. माझे मत उलट आहे. ड्राइव्हचा क्रमांक ड्राइव्हच्या बाहेर निरुपयोगी असतो. उद्या सारा संग्रह दुसऱ्या साठ्यात न्यायचा ठरला तर प्रत्येक फाइलला नवी ओळख मिळेल आणि हजारो नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागतील. ड्राइव्हमध्येच प्रत काढली तरी त्या प्रतीचा क्रमांक वेगळा असतो. मार्गाची पद्धत शिस्त मागते, परंतु फोल्डरांची रचना आणि नावे जशीच्या तशी दुसरीकडे नेली की जुन्या नोंदी तेथेही चालतात.

म्हणून फाइलींची नावे संस्थेने स्वतःच्या क्रमांकावरून ठेवावीत, एवढा एक आग्रह मी प्रत्येक ठिकाणी धरतो. वाचनालयांकडे तो क्रमांक आयता आहे. दाखल नोंदवहीतला दाखल क्रमांक हा त्या पुस्तकाचा जन्मभराचा क्रमांक असतो. त्याच्यापुढे पानाचा अनुक्रम जोडला की फाइलचे नाव तयार होते, आणि ते पाहून संगणक नसलेला ग्रंथपालही पुस्तक शोधू शकतो. 'स्कॅन नवीन अंतिम', 'स्कॅन अंतिम दोन' अशा नावांचे फोल्डर मी इतके पाहिले आहेत की त्यांवर अधिक लिहिणे नको.

संग्रह मोठा असेल आणि जाणकार माणूस उपलब्ध असेल, तर ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठ्याच्या धर्तीवरील व्यवस्था या कामाला अधिक योग्य आहे. ही सेवा २००६ साली सुरू झाली आणि २०१६पासून तिचे केंद्र मुंबईतही आहे, त्यामुळे फाइली देशातच ठेवता येतात. येथे फोल्डर वाटून घेण्याची भानगड मूळ रचनेतच नाही. फाइल खासगी असते, नोंदीत तिची किल्ली म्हणजे नाव असते, आणि अधिकृत सभासदाने नोंद उघडली की साधन त्याच्यासाठी, काही मिनिटांत बाद होणारी सहीबंद लिंक तयार करून देते. अशा लिंकची कमाल मुदत सात दिवसांच्या पुढे नेता येत नाही. मुदत संपल्यावर व्हॉट्सॲपवर ती पुढे गेली तरी पुढच्याच्या हाती मेलेली लिंक पडते. एस-थ्रीची इतर साधनांशी बोलण्याची, म्हणजे फाइली देण्याघेण्याची, पद्धत आता इतर अनेक साठवण सेवांनीही उचलली आहे. बेसरो किंवा नोकोडीबी यांसारखी, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारी नोंद-साधने त्यांपैकी कोणत्याही साठ्याला जोडता येतात. दर वाढले तर साठा बदलावा, फाइली हलवाव्यात, साधनात पत्ता एका जागी बदलावा, आणि नोंदींना हात लावू नये, असे स्वातंत्र्य त्यात राहते. अर्थात उघड्या राहिलेल्या साठ्यांतून माहिती बाहेर पडल्याच्या घटना येथेही झाल्या आहेत, आणि २०२३पासून नवा साठा तयार होताना सार्वजनिक प्रवेश आपोआप बंद ठेवण्याचा निर्णय ॲमेझॉनने घेतला तो उगाच नव्हे. ज्याला या सेटिंगचा अर्थ कळत नाही त्याने या वाटेला न जाणेच बरे.

आता अधिकारांविषयी. नोंदींचे साधन ड्राइव्हला प्रथम जोडताना गुगलचा एक पडदा येतो आणि हे ॲप काय काय करू शकेल ते सांगून संमती मागतो. तो पडदा वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. काही साधने केवळ त्यांनी स्वतः तयार केलेल्या किंवा आपण निवडून दिलेल्या फाइलींपुरती परवानगी मागतात. काही मात्र ड्राइव्हमधील सर्व फाइली पाहणे, बदलणे, नव्या करणे आणि हटवणे इतका अधिकार मागतात. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचा एक फोल्डर दाखवायचा असताना हा अधिकार देणे म्हणजे पडवीतली एक पेटी उघडायला आलेल्याच्या हाती साऱ्या वाड्याच्या किल्ल्या सोपवणे होय. त्यात ते ड्राइव्ह सचिवांचे वैयक्तिक असेल, तर घरचे खरेदीखत, मुलांचे दाखले, बँकेची विवरणे हेही त्या परवानगीच्या कक्षेत येते. यावर सोपा उपाय असा की जोडणीसाठी वेगळे खाते असावे आणि त्यात संस्थेच्या फाइलींखेरीज काहीच नसावे. मग विस्तृत परवानगी दिली तरी नुकसानीला मर्यादा पडते. शिवाय खात्याच्या सेटिंगमध्ये तृतीय पक्षाच्या ॲपना दिलेल्या परवानग्यांची यादी असते. प्रयोग म्हणून जोडून पाहिलेली आणि नंतर विसरलेली साधने तेथे अजून हक्काने बसलेली आढळतात. वर्षातून एकदा ती यादी पाहून अनावश्यक परवानग्या काढाव्यात.

या साऱ्यापेक्षा मला अधिक अस्वस्थ करणारी बाब खात्याच्या मालकीची आहे. जोडणी ही संस्थेच्या नावाने होत नसते, ती ज्याने संमतीचे बटण दाबले त्याच्या नावाने होते. सभासदांना दिसणाऱ्या फाइली या त्या एका माणसाच्या अधिकारातून दिसत असतात. आमच्या भागातील एका वाचनालयाचा दुर्मीळ अंकांचा संग्रह असाच एका तरुण कार्यकर्त्याच्या वैयक्तिक जीमेलवर उभा होता. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, फोन क्रमांक बदलला, आणि काही काळाने जोडणीने पुन्हा संमती मागितली तेव्हा सांकेतिक क्रमांक येत होता तो बंद पडलेल्या फोनवर. नोंदी सर्वांना दिसत होत्या, पण फाइल एकही उघडत नव्हती. कार्यकर्ता सज्जन होता, शोधून काढल्यावर त्याने धावपळ करून सारे परत मिळवून दिले. तो भांडून गेला असता किंवा हयातच नसता तर काय झाले असते, याचे उत्तर त्या कार्यकारिणीकडे नव्हते. गुगलचे धोरण या बाबतीत स्पष्ट आहे: दोन वर्षे वापरात नसलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते, आणि डिसेंबर २०२३पासून याची अंमलबजावणी सुरू झाली आहे. एखाद्या ज्येष्ठ सभासदाने आयुष्यभर जमवलेली, स्वतःच्या खात्यात स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रे त्यांच्या पश्चात दोन वर्षांनी कोठे असतील, याचा विचार त्यांच्या हयातीतच व्हायला हवा.

विसंगती अशी की, आपल्या संस्थांना कायदेशीर हस्तांतराची सवय नाही असे मुळीच नाही. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो, आणि संस्था वकिलाला गाठून तो देतात. बँकेत सह्या बदलतात, ठराव होतो, जुन्या खजिनदाराकडून पावतीपुस्तके मोजून घेतली जातात. खुर्ची मोडली तरी डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, नोंद होते. ज्या खात्यात संस्थेचा सारा डिजिटल संग्रह आहे त्याचा पासवर्ड, त्याचा पर्यायी ई-मेल, त्याला जोडलेला फोन क्रमांक यांचे हस्तांतर मात्र कोणत्याही ठरावात येत नाही.

उपाय अवघड नाहीत. गुगल वर्कस्पेसमध्ये 'शेअर्ड ड्राइव्ह' असतो. त्यातील फाइल व्यक्तीच्या मालकीची नसून संस्थेची असते, आणि सभासद गेला तरी फाइल जागेवर राहते. साध्या वैयक्तिक जीमेलवरून असा ड्राइव्ह तयार करता येत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांसाठी वर्कस्पेसची विनामूल्य योजना आहे आणि पात्रतेची कागदपत्रे आपल्या बहुतेक न्यासांकडे असतातच. अर्ज करण्याचा कंटाळा हीच काय ती अडचण. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हबाबतही हाच भेद आहे, वैयक्तिक वनड्राइव्ह वेगळा आणि संस्थेचे शेअरपॉइंट वेगळे. जे काही निवडाल ते संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरील खात्याने जोडावे, आणि त्या खात्यात शिरू शकणारे किमान दोन पदाधिकारी असावेत.

खर्चाचा मुद्दा काढला जातो म्हणून एवढेच लिहितो की, फुकटाची हमी कोणीही देत नाही. गुगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा मागे घेऊन संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबीचा (सुमारे एक लाख जीबीचा) पाया ठरवत असल्याचे २०२१मध्ये जाहीर केले, तेव्हा मोठमोठ्या विद्यापीठांनाही आवराआवर करावी लागली. त्यामुळे साठा कोणताही असो, सर्व फाइलींची एक प्रत आणि नोंदींच्या तक्त्याची सीएसव्ही (कोणत्याही तक्ता-साधनात उघडणारी साध्या मजकुराची) प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर संस्थेच्या कपाटात असलीच पाहिजे. दोन्ही एकाच दिवशी घ्याव्यात. नोंदी मार्चच्या आणि फाइली दिवाळीच्या असल्या तर त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

शासनाकडून अपेक्षा फार मोठी नाही. राज्यातील मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेतात, अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग ठरतात आणि दरवर्षी ग्रंथालय संचालनालयाला वार्षिक अहवाल जातो. त्या अहवालाच्या नमुन्यात डिजिटल संग्रह कोणत्या सेवेत आहे, खाते कोणाच्या नावाने आहे आणि दुसरी अधिकृत व्यक्ती कोण, एवढे तीन रकाने वाढवले तर अनेक ग्रंथालये पहिल्यांदाच हा प्रश्न स्वतःला विचारतील. धर्मादाय कार्यालयानेही चेंज रिपोर्टसोबत खात्यांच्या हस्तांतराचे साधे स्वयंघोषणापत्र मागावे. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या माझ्यासारख्या व्यावसायिकांनाही काम सोपवताना एका पानाचा जोडणीचा तपशील लेखी देण्याची सक्ती असावी, आणि ग्राहक संस्थेच्या फाइली स्वतःच्या खात्यात ठेवून दरवर्षीचे शुल्क पक्के करण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे ती करारातच बंद करावी.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आणि बऱ्याच मंडळांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. या वर्षीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय जरूर घ्यावा, आणि त्यावर निवेदन करण्याऐवजी सचिवांनी दुसऱ्या पदाधिकाऱ्याच्या संगणकावरून, त्या पदाधिकाऱ्याच्याच खात्याने, सभासद सांगतील त्या दहा जुन्या नोंदींच्या फाइली सभेतच उघडून दाखवाव्यात, अशी माझी सूचना आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
कराड, जि. सातारा